तुम्ही विचारलंत म्हणून: आहे काय तुमच्या घरात चोरण्यासारखं?

घरचा सर्व्हर आणि फायरवॉलचे (नेटवरची ये-जा तपासून अडवणाऱ्या पहारेकऱ्याचे) लॉग, म्हणजे नोंदी, यांत डोकं घालून बसलेली मी दिसले की हा प्रश्न ठरलेला. सासरी, ऑफिसात, परवा तर सोसायटीच्या मीटिंगमध्येही. आजवर "छंद आहे हो" म्हणून वेळ मारून नेली. आता नीट सांगते.

चोरण्यासारखं काही असावंच लागत नाही. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप हे साधन आणलं. कनेक्शन दणकट असेल तर एका मशीनवरून अख्ख्या आयपीव्ही-४ (पत्त्यांची जुनी पद्धत) इंटरनेटवर एखादा पोर्ट, म्हणजे यंत्राचं क्रमांक दिलेलं दार, कुठे उघडा आहे, ते पाऊण तासाच्या आत चाचपून होतं. तुम्हाला कुणी हेरत नाही, तुम्ही यादीत असताच. २०१६ मध्ये मिराई या घातक प्रोग्रॅमने कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारे डबे), राउटर असेच गोळा केले, कंपनीने घालून दिलेले पासवर्ड लावून बघत. त्या ऑक्टोबरात त्यांच्याच जोरावर वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर एवढा मारा झाला की ट्विटर, नेटफ्लिक्स अडकले. त्या डीव्हीआरवाल्यांच्या घरी तरी काय होतं चोरण्यासारखं?

इथवर सांगितलं की समोरचा मान डोलावतो आणि विषय बदलतो. म्हणून साताऱ्याचं सांगते, जे मी सहसा सांगत नाही.

आई साताऱ्याला एकटी असते. मी पुण्यात, दादा टोरांटोत. दादाने हॉलमध्ये कॅमेरा आणि त्याचा डीव्हीआर बसवून घेतला होता. आईची दिवेलागण म्हणजे त्याची सकाळ. ऑफिसला निघण्याआधी तो अॅपवर तिला बघायचा. पुढे मी तिथे एका जुन्या मिनी पीसीवर ओपीएनसेन्स हे फायरवॉलचं सॉफ्टवेअर घातलं. बाहेर जायला मोजकेच पोर्ट उघडे ठेवले आणि लॉग वायरगार्डमधून, म्हणजे दोन घरांमधल्या खासगी बोगद्यातून, माझ्याकडच्या लोकी-ग्राफानात (लॉग साठवून दाखवणारी साधनं) आणले. पहिल्याच रात्री लाल ओळींची, म्हणजे अडवलेल्या प्रयत्नांची, रांग लागली. कुठून, तर १९२.१६८.१.१०८, म्हणजे डीव्हीआर. कुठे, तर दर ओळीला नवा पत्ता, जगात कुठलाही. पोर्ट मात्र २३, २३, २३, मधूनच २३२३. ही टेलनेटची, म्हणजे दुरून यंत्रात शिरायच्या जुन्या सोयीची दारं, मिराई ठोठावते तीच. बाहेरून आत येऊ बघणाऱ्या लाल ओळींनी माझी झोप उडायची तो काळ गेला. त्या चोवीस तास येतात आणि दारातूनच परत जातात. ही धडपड आतून बाहेर होती. आईच्या टीव्हीखालचा तो डबा जगभरातली दारं ठोठावत होता.

मी डीव्हीआरची बाहेरची वाट पूर्ण बंद केली, आणि त्याबरोबर दादाचं अॅपही बंद पडलं. नवीन फर्मवेअर (डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर) मागितलं तर कंपनीने कळवलं की ते मॉडेल आता बंद झालंय. दुसरा कॅमेरा मागवला. तो येण्याच्या आतच एका संध्याकाळी आईला स्वयंपाकघराच्या दारात चक्कर आली. मनगट मोडलं. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या तोवर ती तिथेच भिंतीला टेकून बसून होती. दादाची बघायची हीच वेळ, आणि कॅमेऱ्यात दिसायचं ते हेच दार.

फोनवर तो चिडलासुद्धा नाही. "टेलनेट तर तुझ्या नियमांनी अडवलंच होतं ना गं? मग मला का तोडलंस?"

मुद्दा खोटा नाही. पण लॉगमध्ये वेळ, पत्ता आणि पोर्ट दिसतो. डब्यात कोण बसलंय ते दिसत नाही. मिराई चित्र बघत नाही, हे मलाही ठाऊक आहे. आत मिराईच होतं कशावरून? ४४३ या पोर्टवरून जे बाहेर जात होतं ते एन्क्रिप्टेड. त्यातलं दादाकडे किती आणि भलत्याकडे किती, हे मला कुठलंच साधन सांगू शकत नव्हतं. आई त्याच हॉलमध्ये दुपारची आडवी होते, पाय उघडे टाकून गुडघ्यांना तेल लावते. ते परक्याला दिसण्याची शक्यता मी एक दिवसही चालू ठेवणार नव्हते.

तरी रात्री दादाची बाजू मीच मांडते. चार दिवस काय बिघडलं असतं? मग उलट विचारते, आणि बिघडलं असतं तर ते कळलं तरी असतं का? इथेच अडकते. पुढे जात नाही.

"तयार विकतचं का नाही घेत" याचं उत्तरही त्या डीव्हीआरमध्येच आहे. मोनोवॉल नावाची फायरवॉल होती. तिच्या कर्त्याने, मॅन्युएल कास्परने, २०१५ मध्ये काम थांबवलं आणि वापरणाऱ्यांना ओपीएनसेन्सकडे जायला सांगितलं. कोड खुला होता, म्हणून त्यातून आधीच पीएफसेन्स निघालं होतं आणि त्यातून ओपीएनसेन्स. एकाने हात काढून घेतला तरी माणसं उघड्यावर पडली नाहीत. डीव्हीआरच्या कंपनीने हात काढला तेव्हा माझ्याकडे उरला एक बंद डबा, जो मला उघडून बघता येईना की दुरुस्त करता येईना.

आता साताऱ्याच्या नव्या कॅमेऱ्याला बाहेरची वाटच नाही. बघायचं तर फोनवर वायरगार्ड चालू करून यायचं. दादाला सकाळच्या घाईत तेवढं एक बटण जड होतं. कधी विसरतो, कधी कंटाळतो. दर महिन्याला म्हणतो, जुन्यासारखं अॅप दे. मी देत नाही.