तुम्ही विचारलंत म्हणून: फी-सवलत मागितली तर मुलाला वेगळं वागवतील का?

ठाण्यातल्या एका खासगी विनाअनुदानित शाळेत फीच्या खिडकीत मी १९ वर्षं बसले. निवृत्त झाले तरी विचारणारी माणसं थांबलेली नाहीत. भाजीच्या गाडीपाशी, ऐरोलीच्या बसमध्ये, लग्नाच्या मांडवात कुणीतरी बाजूला घेतं आणि आवाज उतरवून विचारतं, "मॅडम, खासगी शाळेत फीला काही मदत मिळते का हो? आणि मागितली तर पोराला वेगळं तर नाही ना वागवणार?"

मदत आहे, पण तुटक तुटक. सगळ्यात मोठी म्हणजे २००९च्या शिक्षणहक्क कायद्यातली. खासगी विनाअनुदानित शाळेतल्या प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या. अल्पसंख्याक शाळा यातून वगळल्या आहेत. अर्ज ऑनलाइन करायचा, मग सोडत निघते. जातीच्या दाखल्यावर अर्ज करणाऱ्याला उत्पन्न विचारत नाहीत. दुर्बल घटकातून करणाऱ्याचं वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत हवं. म्हणजे महिन्याला ८,३३३ रुपये. कळव्यात भाड्याच्या खोलीत राहून बारा-बारा तास वॉचमनची ड्यूटी करणारा बाप यापेक्षा जास्त मिळवतो, म्हणून तो या मापात बसत नाही. आणि आमच्यासारख्या शाळेची फी त्याला कधीच झेपत नाही. माझ्या खिडकीपाशी सगळ्यात जास्त वेळ हीच माणसं उभी राहिली. ही मर्यादा वाढायलाच हवी.

फेब्रुवारी २०२४मध्ये तर सरकारनं नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या २५ टक्क्यांतून मोकळं केलं होतं. ठाण्यासारख्या दाट वस्तीत म्हणजे जवळजवळ सगळ्याच शाळा सुटल्या असत्या. मुंबई उच्च न्यायालयानं त्या जुलैत तो बदल रद्द केला, तेव्हा मला खरोखर हायसं वाटलं.

उत्पन्नाच्या दाखल्याबद्दल एक सांगते, कारण यात लोकांचे दिवस जातात. ऐरोली, घणसोली, वाशी, अगदी बेलापूरसुद्धा ठाणे तालुक्यात येतं, तेव्हा दाखला ठाण्याच्या तहसीलदारांचा. खारघर, कामोठे मात्र पनवेल तालुक्यात, म्हणजे जिल्हाच वेगळा, रायगड. फेब्रुवारी-मार्चमध्ये सेतूत गर्दी उसळते. दिवाळीनंतर लगेच काढून ठेवा.

बाकीच्या योजनांपैकी आठवीत द्यायची एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा बऱ्याच जणांना ऐकून माहीत असते. उत्पन्नाची अट साडेतीन लाखांची, आणि पास झालं तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. पण ती सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी. विनाअनुदानित शाळेतल्या मुलाला तिथे बसता येत नाही, हे सांगताना समोरच्या आईचा चेहरा उतरायचा. वडील बांधकाम कामगार असतील तर बांधकाम कामगार मंडळात त्यांची नोंदणी आहे का ते आधी बघा. पहिल्या दोन मुलांना सातवीपर्यंत वर्षाला २,५०० आणि आठवी ते दहावी ५,००० मिळतात. आई किंवा वडील गेले असतील तर बालसंगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये. नवी मुंबईत राहत असाल तर महापालिकेच्या समाजविकास विभागात विचारा. सफाई, दगडखाण, नाका कामगारांच्या आणि विधवा बायकांच्या मुलांसाठी तिथे शिष्यवृत्त्या असतात.

आता नववी. २५ टक्क्यांची सोय आठवीपर्यंतच. नववीच्या जूनमध्ये त्याच शाळेत, त्याच बाकावर बसणाऱ्या मुलाला पूर्ण फीचं पत्रक मिळतं. आठ वर्षं जी शाळा आपली वाटली, ती एका उन्हाळ्यात परकी होते.

आमच्याकडे अशी एक मुलगी होती. वडील रिक्षा चालवायचे. पहिलीपासून आमच्या शाळेत, अक्षर मोत्यासारखं. त्या काळी फी थकलेल्यांची यादी दर महिन्याला वर्गावर जायची आणि बाई ती वाचून दाखवायच्या. यादी मीच टाइप करायचे. नववीत पहिल्यांदा तिचं नाव वाचलं गेलं. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. चौथ्या दिवशी आई आली, खिडकीच्या गजाला धरून म्हणाली, "बाई, फी देऊ आम्ही, थोडी थोडी देऊ. पण वर्गात नाव नका हो घेऊ."

तेव्हा तुम्ही विचारता ना, वेगळं वागवतील का? वागवतात. बहुतेक वेळा कुणी मुद्दाम वागवत नाही. ऑफिसातला कागद वर्गात गेला की ते आपोआप होतं. त्या कागदाला हात माझा लागला होता. त्या संध्याकाळी मी मुख्याध्यापकांकडे गेले आणि म्हटलं, सर, यादी ऑफिसच्या बाहेर जायला नको. फीचं जे काही बोलायचं ते आईवडिलांशी, फोनवर किंवा बंद पाकिटातून. सरांनी ऐकलं.

दुसरी गोष्ट पटवायला मात्र वेळ लागला. संस्थेकडे गरजू मुलांसाठी थोडी रक्कम बाजूला काढलेली असायची. पण त्यासाठी ना फॉर्म, ना तारीख. विश्वस्तांच्या केबिनपर्यंत जायची हिंमत ज्याला, त्यालाच ती मिळे. आमच्या आईवडिलांच्या पिढीत फी-माफीला नादारी म्हणत. अर्ज करायचा, हेडमास्तरांची सही घ्यायची, झालं. तेवढीच साधी पद्धत मी मागत होते: एका पानाचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, शेवटची तारीख, आणि निर्णय तिघांनी मिळून लेखी द्यायचा. मेहेरबानी नको, नियम हवा. अर्ज छापल्यावर जी माणसं आली, त्यांतली निम्मी कधी केबिनकडे फिरकलीसुद्धा नव्हती.

त्या मुलीची निम्मी फी माफ झाली आणि उरलेल्याचे दहा हप्ते. वडील दर महिन्याला घोडबंदरचं भाडं मारून येता येता दहा तारखेला भरून जायचे. सुट्टे पैसे मोजून द्यायचे, पावती घडी करून वरच्या खिशात ठेवायचे.

तुमच्या शाळेत फॉर्म नसेल तरी अर्ज करा, साध्या कागदावर. मुलाचं नाव, इयत्ता, घरातले कमावणारे किती, किती फी आपण भरू शकतो आणि कधीपर्यंत, एवढं लिहा. किती भरू शकतो हे लिहायला विसरू नका, शाळेला तिथूनच बोलणं सुरू करता येतं. हप्ता चुकण्याआधी द्या, चुकल्यावर नाही. मुलाच्या हाती पाठवू नका, स्वतः जा. दोन प्रती न्या, आणि दुसरीवर शाळेचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.