गंगोत्रीच्या ग्रॅनाइटचे वय

गोमुखापर्यंत जाऊन शिवलिंग आणि भागीरथी शिखरांचे फिकट कडे पाहून आलेले लोक मला हमखास विचारतात, की तो ग्रॅनाइट किती जुना आहे. तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून सांगतो. तो सुमारे २ कोटी २० ते ३० लाख वर्षांपूर्वी शिलारसातून घट्ट झाला. पण ज्या द्रव्याचा तो शिलारस झाला ते कितीतरी जुने आहे, आणि हा भेद न सांगता नुसता आकडा देणे मला पटत नाही.

ग्रॅनाइटचे वय बहुधा झिरकॉन या खनिजाच्या सूक्ष्म स्फटिकांवरून काढतात. झिरकॉन तयार होताना युरेनियम सामावून घेतो, शिसे मात्र जवळजवळ घेतच नाही. त्यामुळे त्यात आज सापडणारे शिसे मुख्यतः युरेनियमच्या ऱ्हासातून आलेले असते. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य, म्हणजे निम्म्या अणूंचा ऱ्हास होण्यास लागणारा काळ, सुमारे ४४७ कोटी वर्षे, तर युरेनियम-२३५ चे सुमारे ७०.४ कोटी, ही दोन्ही घड्याळे एकच वेळ दाखवू लागली की त्या वयावर विश्वास ठेवता येतो.

हिमालयात नेमकी इथेच अडचण येते. तेथील शिलारस साधारण ७०० अंश सेल्सियसच्या आसपासचा, आणि तेवढ्या उष्णतेत जुना झिरकॉन पुरता विरघळत नाही. त्याचा गाभा ५० कोटी, ८० कोटी किंवा त्याहूनही अधिक वर्षांचा निघतो, आणि ग्रॅनाइटच्या जन्माची नोंद असते ती केवळ कडेच्या पातळ थरात. अख्खा स्फटिक विरघळवून मोजला, तर ज्या काळी काहीच घडले नव्हते असे एक मधलेच वय हाती येते. म्हणून आयनांच्या किंवा लेसरच्या बारीक झोताने गाभा आणि कड वेगवेगळे मोजतात, किंवा मोनाझाइट या दुसऱ्या खनिजाची साक्ष काढतात. अभ्रकातील पोटॅशियमच्या ऱ्हासातून साठलेल्या आर्गॉनवरून काढलेले वय मात्र पुढे खडक थंड झाल्याचे वय असते.

मला सर्वांत मोलाचे वाटतात ते हेच अडचणीचे गाभे, कारण ग्रॅनाइट आला कोठून याचे उत्तर तेच देतात. भारतीय कवचातील ज्या मातकट गाळाचे पुढे रूपांतरित खडक झाले, त्यांतही अशाच वयाचे झिरकॉन आढळतात. तेच खडक खोलवर तापून त्यांतील पांढऱ्या अभ्रकाचे विघटन झाले आणि त्यातून हा शिलारस निर्माण झाला. स्ट्रॉन्शियमही याला दुजोरा देते. त्याच्या ८७ आणि ८६ या समस्थानिकांचे, म्हणजे वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंचे, मूळ गुणोत्तर जुन्या कवचातून आलेल्या शिलारसात जास्त असते; हिमालयाच्या या ग्रॅनाइटांत ते बहुधा ०.७४ च्याही वर असते. याउलट लेहच्या उत्तरेकडील लडाख रांगेतील ग्रॅनाइटांत ते ०.७०५ च्या जवळपास मिळते, कारण ते बहुतांशी भारत आणि आशिया यांच्यामधील पूर्वीच्या टेथिस समुद्राचा तळ आशियाखाली सरकत असताना, प्रावरणातून म्हणजे कवचाखालच्या थरातून आलेल्या द्रव्यापासून घडले.