अकरा मार्चची बैठक तीन नोव्हेंबरला

सोमवार, ४ मार्च २०२४ रोजी सकाळी सव्वादहाच्या सुमारास आमच्या संचालकांच्या स्वीय सहायक मॅडमचा फोन आला. एरवी त्या शांतपणे बोलतात. त्या दिवशी मात्र त्यांचा आवाज चढलेला होता. "सर, ज्या ऑडिटरांसाठी मीटिंग रूम रिकामी ठेवली ते आलेच नाहीत, आणि ज्यांचं आज कॅलेंडरमध्ये नावही नाही ते अकराजण दाराशी उभे आहेत. साहेब विचारतायत, हे काय चाललंय?"

दाराशी उभी असलेली मंडळी दर सोमवारच्या आढावा बैठकीची होती. वर्षानुवर्षांच्या सवयीने ती आली होती आणि त्यांचे काहीच चुकलेले नव्हते. चूक माझी होती, कारण शुक्रवारी संध्याकाळी मॅडमचे कॅलेंडर जुन्या संगणकावरून नव्यावर मीच हलवले होते.

ते काम मी अर्ध्या तासात उरकले होते. जुन्या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमधून वर्षभराच्या अपॉइंटमेंट सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये काढल्या, पेन ड्राइव्हवर घेतल्या आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये आयात केल्या. विषय, सुरुवातीची तारीख, सुरुवातीची वेळ वगैरे रकाने नीट जुळवून दिले. '२१४ नोंदी यशस्वीपणे आयात झाल्या' असा संदेश पडद्यावर आला. एवढ्यावर विसंबू नये म्हणून मी १८ मार्च, २५ मार्च, ४ एप्रिल आणि २९ एप्रिल असे चार दिवस उघडून जुन्या कॅलेंडरशी ताडूनही पाहिले. चारही ठिकाणी सगळे तंतोतंत जुळले आणि मी निश्चिंत मनाने घरी गेलो. हे चार दिवस निवडण्यात माझे नशीब किती वाईट होते, ते सोमवारी कळले.

मॅडमच्या टेबलाशी पोहोचल्यावर मी आधी मार्च महिना उघडला. सोमवारची बैठक १८ आणि २५ तारखेला जागेवर होती, ४ आणि ११ तारखेला मात्र तिचा पत्ता नव्हता. 'आढावा बैठक' असा शोध दिल्यावर समोर आलेल्या यादीत ३ एप्रिल दिसला, जो बुधवार होता, आणि ३ नोव्हेंबर दिसला, जो चक्क रविवार होता. सोमवारची बैठक रविवारी दिसल्यावर फार विचार करावा लागला नाही. ४ मार्चचा ३ एप्रिल आणि ११ मार्चचा ३ नोव्हेंबर झाला होता, म्हणजे दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली होती. ऑडिटरांची भेट मुळात ३ एप्रिलची. ती उलटून ४ मार्चला येऊन बसली होती.

जुन्या संगणकावर तारीख आधी दिवस, मग महिना अशी लिहिली जात होती. नवा संगणक मात्र अमेरिकी मांडणीवर, म्हणजे आधी महिना, मग दिवस अशा मूळ सेटिंगवर तसाच राहिला होता. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा तक्ता. '०४/०३/२०२४' या अक्षरांत दिवस कोणता आणि महिना कोणता, हे त्या फाइलला माहीत नसते. वाचणारे सॉफ्टवेअर आपल्या सेटिंगप्रमाणे अर्थ लावते. इथपर्यंत समजण्यासारखे होते. माझा खरा घात केला तो सॉफ्टवेअरच्या आगाऊ शहाणपणाने. '१८/०३' समोर आल्यावर अठरावा महिना नसतो हे त्याला कळत होते, पण अडून तक्रार करण्याऐवजी ते गुपचूप १८ ला दिवस मानून पुढे जात होते. त्यामुळे तेरापासून पुढच्या सगळ्या तारखा बरोबर आल्या आणि बारापर्यंतच्या उलटल्या. तेही सगळ्या नाहीत. ४ एप्रिल उलटा केला तरी ४ एप्रिलच राहतो. मी तपासलेल्या चार दिवसांपैकी तीन तेराच्या पुढचे होते आणि चौथा हा असा होता.

मॅडमच्या वहीच्या कोपऱ्यात मी हिशोब मांडला. बारा महिन्यांचे पहिले बारा दिवस मिळून १४४ तारखा, त्यातून स्वतःवरच उलटणाऱ्या १२ वजा केल्या की उरतात १३२. वर्षातल्या एवढ्या तारखांवरची प्रत्येक नोंद चुकीच्या जागी जाणार आणि बाकीच्या तारखा सगळे ठीक असल्याची ग्वाही देत राहणार. एकही नोंद बरोबर आली नसती तर मला ते शुक्रवारीच दिसले असते.

उलटलेली तारीख पुन्हा उलटली की मूळ तारीख मिळते, त्यामुळे चुकीच्या नोंदी निवडून परत फिरवाव्यात असा मोह झाला. तो मी टाळला, कारण शनिवारी आणि सोमवारी सकाळी मॅडमनी त्याच कॅलेंडरमध्ये हाताने काही बदल केले होते आणि हाताने बरोबर केलेली तारीख माझ्या दुरुस्तीत पुन्हा चुकली असती. सुदैवाने जुना संगणक अजून पुसलेला नव्हता. त्यावरून कॅलेंडर पुन्हा काढायचे, पण या वेळी आयसीएस स्वरूपात, असे ठरवले.

आयसीएस हे खास कॅलेंडरसाठीच बनलेले स्वरूप आहे. त्याचे मानक पहिल्यांदा १९९८ मध्ये आणि सुधारून २००९ मध्ये आरएफसी ५५४५ या क्रमांकाचा इंटरनेट-मानकांचा दस्तऐवज म्हणून प्रसिद्ध झाले. त्यात तारीख सलग आठ अंकांत, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहितात. ४ मार्चची तारीख '२०२४०३०४' अशीच असते आणि ती वाचताना संगणकाच्या सेटिंगचा संबंध येत नाही. ही फाइल मी नोटपॅडमध्ये उघडली तेव्हा मॅडम शेजारीच होत्या. "अहो, विषयांची नावं मध्येच तुटलीत," त्या म्हणाल्या. तुटलेली दिसत होती खरी. या स्वरूपात एक ओळ ७५ बाइटपेक्षा लांब नसावी असा संकेत आहे, आणि देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट घेते, त्यामुळे जेमतेम पंचवीस चिन्हांत ओळ भरते. उरलेला मजकूर पुढच्या ओळीवर एक मोकळी जागा सोडून लिहितात आणि आयात करताना तो पुन्हा सांधला जातो. मी त्यांना हे समजावत असतानाच माझी नजर १४ आणि १५ मार्चच्या प्रशिक्षणावर गेली. त्याची शेवटची तारीख १६ लिहिलेली होती! पोटात गोळा आला. मग आठवले की पूर्ण दिवसाच्या नोंदीत शेवटची तारीख ही वगळायची तारीख असते. १६ म्हणजे सोळा सुरू होण्याआधीपर्यंत. त्या दिवशी कोणत्याही तारखेवर माझा विश्वास उरला नव्हता.

आधी एक रिकामे कॅलेंडर तयार करून फाइल त्यात उतरवली. शुक्रवारीही मी हेच करायला हवे होते. २१४ ऐवजी १६३ नोंदी आल्या आणि मॅडम पुन्हा घाबरल्या. सीएसव्हीमध्ये सोमवारच्या बैठकीच्या ५२ वेगवेगळ्या ओळी झाल्या होत्या. इथे 'दर सोमवारी' या नियमासह ती एकच नोंद होती, आणि १ जानेवारीची रद्द झालेली बैठक त्या नियमातून वगळलेली होती. प्रत्येक नोंदीला स्वतःचा ओळख क्रमांक असल्यामुळे तीच फाइल मी मुद्दाम दुसऱ्यांदा आयात करून पाहिली. आकडा १६३ वरच राहिला, म्हणजे एकही नोंद दुहेरी झाली नव्हती.

मग मूळ कॅलेंडर साफ करायला घेतले. रद्द झाल्याच्या सूचना कोणाला जाऊ नयेत म्हणून आधी नेटवर्कची केबल काढली. कॅलेंडर यादीच्या रूपात मांडले आणि त्यात निर्मितीची वेळ व शेवटच्या बदलाची वेळ असे दोन रकाने जोडले. शुक्रवारच्या दोन मिनिटांत जन्मलेल्या २१४ नोंदी एकाखाली एक आल्या. त्यांतल्या नऊ नंतर बदललेल्या होत्या. त्या नऊ ठेवून २०५ पुसल्या आणि आयसीएस फाइल उतरवली. आता त्या नऊ भेटी दोनदा दिसत होत्या, आणि त्या निवडणे माझे नव्हे, मॅडमचे काम होते.

आठ भराभर निकाली निघाल्या. नववी ऑडिटरांची होती. ४ मार्चवरच्या चुकीच्या नोंदीत मॅडमनी सकाळीच खोलीचा क्रमांक आणि कपाटातून काढायच्या फायलींची यादी लिहिली होती. ३ एप्रिलच्या बरोबर नोंदीत त्यातले काहीच नव्हते. त्यांनी ती यादी उचलून ३ एप्रिलमध्ये चिकटवली, वार मोठ्याने वाचला, "बुधवार," आणि माझ्याकडे न पाहता ४ मार्चची नोंद पुसून टाकली.