लेग नंबर चार

रात्री नकाशा आणि कंपासवर वाट काढण्याची परीक्षा होती. लॉगमध्ये चौथ्या लेगसमोर, म्हणजे टप्प्यासमोर, कॅडेटनं लिहिलं होतं: २३:१८, बॅक बेअरिंग (मागच्या खुणेचा उत्तरेपासून मोजलेला कोन) २५५, हवं होतं २४४. त्याखाली २३:२१, रायफली आणि पाठीवरचे पिट्टू बाजूला ठेवले, फरक नाही. २३:२४, दुसरा कंपास, २५४. २३:३०, खडकावरून चाळीस पावलं मागे, २४५. मग थेट २३:५२, पुढे निघालो. ही पार्टी आरव्हीला, म्हणजे ठरलेल्या भेटीच्या जागी, एकोणीस मिनिटं उशिरा पोचली आणि नापास झाली. सहा पार्ट्यांत हा सर्वांत चांगला लॉग होता.

अकादमी कुठली, कोर्स कुठला, हे मुद्दाम लिहीत नाही. अधिकारी घडवण्याची आपल्याकडची वाट साधारण सर्वांना माहीत असते. बारावीनंतर खडकवासल्याच्या एनडीएत तीन वर्षं म्हणजे सहा टर्म, जेएनयूची पदवी, मग भूदलाची मुलं डेहराडूनला, नौदलाची एझिमलाला, हवाईदलाची दुंडिगलला. पदवीनंतर शॉर्ट सर्व्हिसला येणाऱ्यांसाठी चेन्नईची ओटीए. बाहेरच्यांना परेड दिसते, टोप्या हवेत उडताना दिसतात. अंधारात नकाशा वाचायला शिकण्यात किती रात्री जातात ते दिसत नाही. मी एज्युकेशन कोअरचा. मॅप रीडिंग शिकवणं हे आमचं जुनं काम, आणि त्यापायी इन्फंट्रीवाले आम्हाला मास्तर म्हणतात तेही जुनंच.

नाइट नॅव्हिगेशनची पार्टी आठ जणांची. पुढे दोन स्काउट, मग कंपासवाला, पावलं मोजणारे दोन पेसर, एक लॉग लिहिणारा, मागे दोघं. दिवसा एक-पन्नास हजारचा नकाशा घेऊन रूट कार्ड बनवायचं. दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, कंटूर म्हणजे समान उंचीच्या रेषा, त्यांच्यातलं उंचीचं अंतर वीस मीटर. प्रत्येक लेगसाठी कुठून कुठे त्याचा ग्रिड रेफरन्स, बेअरिंग, अंतर, पावलं, वेळ, आणि वाटेत काय लागेल. शेवटचा रकाना बहुतेक कॅडेट 'जंगल' असं लिहून उरकतात. सह्याद्रीत असलं रूट कार्ड निरुपयोगी. इथला डोंगर लाव्ह्याच्या थरांचा, पायऱ्यापायऱ्यांचा. कंटूर एकदम दाटतात, मग पसरतात, पुन्हा दाटतात. खालून बघितलं की प्रत्येक पायरी माथाच वाटते. दोन पायऱ्या चढून 'पोचलो' म्हणणाऱ्या पार्ट्या दर कोर्समध्ये निघतात. म्हणून शेवटच्या रकान्यात लिहायचं ते असं: डावीकडे घळ, उजवीकडे कडा, दुसऱ्या चढानंतर सपाटी, सपाटीवर उघडा कातळ. अंधारात पायाखाली काय लागतंय त्यावरून हे पडताळता येतं.

पावलांचंही तसंच. मैदानात दिवसा शंभर मीटरला ज्याची बासष्ट दुहेरी पावलं होतात, त्याचीच रात्री चढावर पिट्टू घेऊन ऐंशीच्या पुढे जातात. ज्यानं त्यानं आपला आकडा आधी मोजून ठेवायचा. शंभर मीटर झाले की एक खडा या खिशातून त्या खिशात. पेसर दोन असतात, कारण एक हमखास शिंकतो, घसरतो किंवा कुणाशी तरी बोलतो.

आता बेअरिंग. प्रिझमॅटिक कंपास नीट धरला तर एका अंशापर्यंत विश्वासाचा. एक अंश चुकला तर किलोमीटरला साडेसतरा मीटर सरकता, टॉर्चच्या उजेडात शोधता येण्याइतकं. अकरा अंश चुकला तर किलोमीटरला एकशे नव्वद, म्हणजे डोंगराची दुसरी सोंड, दुसरी घळ, दुसरं गाव. चौथा लेग खिंडीतून निघून सड्यावरून, म्हणजे माथ्याच्या उघड्या पठारावरून, ६४ अंशांवर दीड किलोमीटरचा होता. सड्याच्या टोकाला दोन सोंडा फुटतात. आपली उजवीकडची. तिच्या माथ्यावर चेक पॉइंट चार, तिथं माणूस नाही, दगडाला बांधलेला पत्र्याचा बिल्ला, त्यावर दोन अक्षरं. ती उतरवून आणायची.

या कॅडेटनं मागचा एक जण खिंडीत झाकलेला टॉर्च घेऊन उभा ठेवला, स्वतः अडीचशे मीटर पुढे जाऊन सड्यावरच्या उंच खडकावर चढला आणि मागच्या उजेडावर बेअरिंग घेतलं. जाताना ६४, तर मागे बघताना २४४ यायला हवं. आलं २५५. बॅक बेअरिंग घ्यायला वर्गात सगळे शिकतात, सरावात फारच थोडे घेतात, कारण मागे माणूस ठेवायचा म्हणजे त्याला पुन्हा गोळा करायचा आणि त्यात तीन-चार मिनिटं जातात.

पुढचं त्यानं पुस्तकाबरहुकूम केलं. आधी लोखंड दूर. रायफल, मेसटिन, पट्ट्याचं बक्कल, घड्याळ. गाडी किंवा विजेच्या तारा तर आणखी कितीतरी दूर हव्यात, पण सड्यावर त्या नव्हत्याच. फरक पडला नाही. मग दुसरा कंपास. तोही तेच दाखवतोय म्हटल्यावर दोष कंपासचा नाही, जागेचा. याला सर्व्हेवाले लोकल अट्रॅक्शन म्हणतात. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या मुलांना परीक्षेत यावर गणितं येतात: ज्या रेषेच्या दोन्ही टोकांच्या बेअरिंगमध्ये बरोबर १८० चा फरक, ती दोन्ही टोकं निर्दोष धरायची आणि तिथून पुढे हिशोब लावायचा. तो खडकावरून उतरून चाळीस पावलं खिंडीकडे आला, २४५ मिळालं, एका अंशाचा फरक चालतो. आता तिथून ६४ लावून निघायचं. इतकं सगळं बारा मिनिटांत.

सुभेदारसाहेबांना घेऊन मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खडकावर गेलो. छातीच्या उंचीवर कंपास धरला, दहा-अकरा अंशांचा फरक. खडकावर टेकवला तर काटा वीस अंशांहून जास्त फिरला, हातभर सरकवला तर उलट्या दिशेला. बसाल्टमध्ये, म्हणजे या लाव्ह्याच्या काळ्या खडकात, मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे कण असतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्यांनी धरून ठेवली, आणि दख्खनच्या कित्येक थरांत ती आजच्या उलटी आहे. पण एवढ्यानं छातीच्या उंचीवर कंपास सहसा फारसा हलत नाही. नाहीतर सह्याद्रीत कुणालाच कंपास वापरता आला नसता. वीज पडलेल्या खडकाची गोष्ट वेगळी. हजारो अँपिअरचा प्रवाह क्षणभर कातळातून जातो आणि तेवढ्या तुकड्याचा चुंबक होतो. अशा खडकांचं चुंबकत्व अभ्यासणारे भूवैज्ञानिक म्हणूनच नमुन्याची दिशा नोंदवताना सूर्याच्या सावलीवर चालणारा कंपासही वापरतात. वीज पडते उंच, उघड्या खडकावर. बेअरिंग घ्यायला कॅडेट चढतो तोही उंच, उघड्या खडकावर, कारण तिथून लांबचं दिसतं. माझ्या मते तिथं वीजच पडली असावी. तसं लिहिलेलं कुठं सापडणार नाही, पण हातभर अंतरात काटा उलटतो याचा दुसरा अर्थ मला लागत नाही.

सहापैकी आणखी दोन पार्ट्या त्याच खडकावर चढल्या होत्या. त्यांनी बॅक बेअरिंग घेतलं नाही. तिथं उभं राहून ६४ लावलं, क्षितिजावरची एक खाच हेरली आणि तिच्याकडे चालत सुटल्या. अकरा अंश डावीकडे, बाराशे मीटर, म्हणजे सव्वादोनशे मीटरचं अंतर. नेमक्या डावीकडच्या सोंडेवर. तिथं बिल्ला कुठून असणार? दहा मिनिटं शोधून त्यांनी लॉगमध्ये 'अंधारात बिल्ला सापडला नाही' असं लिहिलं, घळीतून खाली कच्च्या रस्त्याला लागल्या, रस्त्यानं चेक पॉइंट पाच गाठला आणि आरव्हीला वेळेत हजर. ते खोटं बोलले नाहीत. आपण कुठल्या सोंडेवर होतो हे त्यांना आमच्याकडूनच कळलं.

मार्कांची वाटणी अशी. रूट कार्ड वीस, सहा चेक पॉइंट प्रत्येकी पाच, लॉग दहा, वेळ चाळीस. दहा मिनिटांपर्यंत उशीर झाला तर वीस कापायचे, त्यापुढे चाळीसच्या चाळीस. चुकीच्या सोंडेवर गेलेल्यांचे बिल्ल्याचे पाच आणि लॉगचे थोडे गेले. बरोबर सोंडेवर जाणाऱ्यांचे चाळीस. ही वाटणी ज्यानं कुणी केली त्यानं अंक मांडताना नकाशा समोर ठेवला नव्हता, एवढंच म्हणतो.

कंपनी कमांडर इन्फंट्रीचे, काश्मीरमध्ये दोन वेळा जाऊन आलेले. मी मार्क बदलायची मागणी केली तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, हल्ल्याची वेळ ठरलेली असते. आपला तोफखाना त्या मिनिटापर्यंत शत्रूचं डोकं खाली ठेवतो, मग मारा पुढे सरकवतो. तुमचा मुलगा एकोणीस मिनिटांनी पोचला तर उघड्यावर चढणार. त्याच्या लॉगचं मी काय करू?" मी म्हटलं, "आणि जे वेळेवर शेजारच्या सोंडेवर चढले, त्यांच्या डोक्यावर तो मारा कुणाचा पडला असता?" ते हसले, पण मार्क हलले नाहीत. त्यांचं म्हणणं चूक नाही. म्हणूनच हे प्रकरण मनातून जात नाही.

सुभेदारसाहेबांनी मात्र वेगळ्याच जागी बोट ठेवलं. लॉग हातात घेऊन ते म्हणाले, "सर, २३:३० ला याला उत्तर मिळालं. मग २३:५२ पर्यंत काय चाललं होतं?"

बावीस मिनिटं. उशीर एकोणीसचा. म्हणजे कंपास तपासण्यानं पार्टी उशिरा पोचली हे खरंच नाही. कॅडेटला विचारलं तेव्हा कळलं की चौघांचं म्हणणं होतं खाच समोर दिसतेय, चला. दोघांना खिंडीत परत जाऊन लेग पहिल्यापासून सुरू करायचा होता. एक जण बूट काढून बसला होता. सगळे एकाच टर्मचे. त्या रात्रीपुरता हा कमांडर, उद्या दुसरा. त्यानं प्रत्येकाला १८० चा नियम समजावून सांगितला. पटेपर्यंत सांगितला. उत्तर बरोबर होतं, आणि सगळ्यांना पटवूनच निघायचं असं त्यानं ठरवलं होतं. मग ही केस माझ्या विषयाची की कंपनी कमांडरांच्या? मी तिला मॅप रीडिंगचे मार्क दिले, त्यांनी वेळेचे कापले, आणि हुकूम देण्याच्या त्या बावीस मिनिटांना कुठल्याच तक्त्यात रकाना नव्हता.

वाद एका मिनिटात मिटवायचा उपाय डोक्यावर होता हेही सांगतो. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर दिशा आणि खरी उत्तर दिशा यांच्यात एका अंशाचाही फरक नाही, त्यामुळे ध्रुवतारा इथं कंपास तपासायला फार सोयीचा. तो क्षितिजापासून आपल्या अक्षांशाइतका वर असतो, म्हणजे इथं अठरा-एकोणीस अंश. हात लांब करून मूठ धरली तर एक मूठ सुमारे दहा अंशांची, दोन मुठी एकावर एक ठेवल्या की जवळपास तिथंच. त्याच्यावर बेअरिंग घ्या. शून्याच्या आसपास आलं तर जागा ठीक, अकरा आलं तर खडक सोडा. आठही जणांना डोळ्यांनी दिसलं असतं, नियम समजवायची गरज पडली नसती. रात्र स्वच्छ होती. आठांपैकी सहा जणांना ध्रुवतारा फोनवरच्या ॲपमध्ये शोधता येत होता, आणि फोन बॅरेकमध्ये जमा होते. जीपीएस असताना हे कशाला, असं विचारणाऱ्यांना युक्रेनमधल्या जॅमिंगच्या बातम्या वाचायला सांगतो. तिथं दोन्ही बाजूंचा जीपीएस सतत बंद पाडला जातो.

कॅडेट पुढच्या रात्रीच्या फेरपरीक्षेत पास झाला. पार्टी दुसरी, रस्ता दुसरा, तो पेसर होता, म्हणजे त्यातून काहीच सिद्ध झालं नाही. जाण्याआधी त्यानं मला विचारलं, "सर, रूट कार्डमध्ये थांबण्याचा वेळ कुठे धरायचा?" फॉर्ममध्ये तशी जागा नव्हती. एका तासाला दोन किलोमीटर धरून लेगचा वेळ काढायचा, चढाचा वेगळा मिळवायचा, बस. तपासणीसाठी प्रत्येक लेगमागे पाच मिनिटं असा रकाना मी नव्या फॉर्ममध्ये घातला. कंपनी कमांडरांनी पाचाचे तीन केले आणि शेजारी पेन्सिलीनं आणखी एक रकाना आखला: 'निर्णय कुणी घेतला, किती वाजता'. त्याला मार्क किती द्यायचे यावर आमचं अजून जमलेलं नाही. ते वीस म्हणतात, वेळेच्या चाळीसमधून. मी म्हणतो, लॉगचे दहा तरी तसेच राहू द्या.