गुलाबी काचेतून सोनं तांबूस दिसतं

जळगावच्या सराफ बाजारात चौदा वर्षं काउंटरला उभा आहे. समोर काच, खाली काच, मागे आरसा आणि वरून दागिन्यांवर नेमका झोत टाकणारे एलईडी. गिऱ्हाइकाला सोनं लखलखीत दिसावं म्हणून केलेली ही सगळी सोय दोन वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यांवर आली. दुपारी तीनच्या सुमारास डाव्या भुवईवर ठणका सुरू व्हायचा, डोळ्यांतून पाणी, आणि मग उजेडच नको वाटायचा. त्यात राहायला पाळधीला. सकाळी गाडीवर येताना सूर्य तोंडावर, संध्याकाळी परततानाही तोंडावर. आई म्हणायची, "तुह्या डोयाले ऊन चावतं रे."

सगळे करतात तेच मीही केलं. फुटपाथवरून दीडशे रुपयांचा काळा गॉगल घेतला, आणि बरं वाटतं म्हणून घरातही लावायला लागलो. महिन्याभरात अशी गत झाली की गॉगल काढला की साधी ट्यूबलाइट सोसेना.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आधी खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं. दहा मिलिमीटरच्या पुढे भिजायला हवी होती, माझी सहावरच थांबली. मग डोळ्याचा दाब बघितला, बाहुल्या मोठ्या करणारे थेंब टाकले, पडदा तपासला. निदान असं की डोळे कोरडे आणि वर अर्धशिशी. गॉगलवरून चांगलाच ओरडा बसला. अंधाराला सरावलेला डोळा साध्या उजेडालाही भितो, म्हणून घरात काळी काच अजिबात नाही. आणि अतिनील किरण न अडवणारी स्वस्तातली काळी काच तर आणखी वाईट, कारण तिच्यामागे बाहुली मोठी होते आणि नको ते किरण जास्तच आत जातात. डोळा अचानक लाल होऊन दुखायला लागला आणि उजेड सोसेनासा झाला, तर चष्म्याच्या दुकानात न जाता थेट दवाखान्यात यायचं, हेही बजावलं. कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि अर्धशिशीच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि चष्म्याचं बघा म्हणाले.

इथून खरी गंमत सुरू झाली. अँटी-ग्लेअर म्हणजे उजेड कमी करणारी काच, असा माझा पक्का समज. चष्मेवाल्या काकांनी दोन काचा ट्यूबलाइटखाली तिरप्या धरल्या. साध्या काचेत अख्खी ट्यूब पांढरी दिसत होती, दुसरीत नुसती हिरवट रेघ. साधी काच प्रत्येक बाजूने सुमारे ४ टक्के उजेड परत फेकते, कोटिंग केलेली जेमतेम अर्धा-एक टक्का. म्हणजे अँटी-ग्लेअरमधून उलट जास्त उजेड आत येतो, फक्त काचेवरची चमक आणि मागून येणारं प्रतिबिंब जातं. माझ्या मागे अख्खा आरसा, त्यामुळे मला तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडला. पण ठणका काही गेला नाही.

उन्हात आपोआप काळी होणारी काच घ्यावी, असं बायकोचं मत. काकांनीच नको म्हटलं. ती काच अतिनील किरणांनी काळी होते, आणि हेल्मेटची पुढची काच बरेचसे किरण आधीच अडवते. शिवाय थंडीत ती गडद होते, उष्णतेत फिकी राहते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर, म्हणजे गरज सगळ्यात जास्त तेव्हाच ती कमी चालणार. म्हणून गाडीसाठी राखाडी पोलराइज्ड, म्हणजे चकाकी गाळणाऱ्या काचेचा गॉगल घेतला. समोरच्या ट्रकच्या काचेवरून आणि डांबरावरून येणारी चकाकी तो छान मारतो. फक्त मोबाइल आडवा धरला की स्क्रीन काळी होते. पहिल्यांदा वाटलं, मोबाइलच गेला.

दुकानातल्या उजेडासाठी डॉक्टरांनी चष्म्याच्या काचेला एफएल-४१ नावाचा गुलाबी टिंट, म्हणजे हलका रंग, सुचवला होता. अर्धशिशीवाल्यांना जास्त टोचणारा निळा-हिरवा उजेड, साधारण ४८० ते ५२० नॅनोमीटरचा, तो अडवतो. मागवून घ्यावा लागला, आठ दिवस गेले. लावला आणि पहिल्या दिवशी दुपारचे तीन वाजून गेले तरी कपाळ शांत. खरंच डोळे भरून आले, यावेळी उजेडाने नाही.

तिसऱ्या दिवशी एक मावशी जुनी पोत मोडायला घेऊन आल्या. मी पोत हातात घेतली, उलटीपालटी केली आणि बोलून गेलो, "मावशी, यात तांबं जास्त दिसतंय." मावशींचा चेहरा उतरला. मशीनवर ठेवली तर आकडा ९१.६, चोख बावीस कॅरेट. शेठ गल्ल्यावरून शांतपणे म्हणाले, "भाऊ, तो चष्मा काढ आधी." दिवसभर रंगावर पोट भरणाऱ्या माणसाने रंगीत काच लावली होती, आणि हे माझ्या, डॉक्टरांच्या किंवा चष्मेवाल्या काकांच्या डोक्यातही आलं नव्हतं. निवड करताना तुमचं काम काय, हे कोणी विचारत नाही. आपणच सांगायचं.

मावशींची माफी मागितली, चहा पाजला. आता काउंटरला बिनरंगी अँटी-ग्लेअर, आणि मागच्या खोलीत कम्प्युटरवर बिलं करताना गुलाबी. शेठनी माझ्या डोक्यावरचा एक झोत जरा भिंतीकडे वळवून दिला. त्याला एक पैसा लागला नाही, आणि एखाद्या चष्म्याइतका उपयोग झाला.

कोटिंगची पहिली जोडी मात्र मी स्वतःच्या हाताने घालवली. एप्रिलमध्ये दुपारभर उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत चष्मा राहिला. संध्याकाळी बघतो तर काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा. पुसून जातात का म्हणून शर्टाच्या टोकाने घासत बसलो, त्याने राहिलेलंही गेलं.

परवा दुकानातून निघालो तो गुलाबी चष्मा तसाच नाकावर. बाजारात भरताची हिरवी वांगी निवडून निवडून दोन किलो घेतली. घरी बायकोने पिशवी ओतली. निम्मी पिवळी पडलेली, निबर.