साताऱ्याच्या वकिलाची समुद्रवाट

सांगलीहून सकाळच्या एसटीने कराडमार्गे साताऱ्याला पोहोचलो आणि ऊन चढायच्या आत भाच्याला घेऊन चार भिंतीची चढण धरली. भिंतीच्या दगडांवर पावसाळ्याचे शेवाळ अजून ओले होते. खाली सगळे शहर पसरलेले, समोर यवतेश्वरचे पठार. रंगो बापूजी गुप्ते याच शहरातून विलायतेला गेले असे मी सांगितले, तेव्हा भाच्याने चहूकडे पाहून विचारले, "मामा, इथे तर नुसते डोंगरच आहेत. ते समुद्रावर गेले कसे?"

१८३९ मध्ये कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवले. त्यांची फिर्याद घेऊन त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनला गेले आणि १८४० पासून १८५३ पर्यंत तिथे झगडत राहिले. त्या झगड्याबद्दल आपण पुष्कळ बोलतो, पण ज्या समाजात समुद्रगमन निषिद्ध मानले जाई त्यातल्या माणसाने केवढ्या धोक्याच्या वाटेवर पाऊल टाकले, याचा विचार फारसा होत नाही, आणि मला तीच गोष्ट अधिक मोठी वाटते.

वादळापेक्षा रोगाने अधिक खलाशी मारले. वास्को द गामा १४९८ च्या एप्रिल-मे महिन्यांत आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मालिंदीहून कालिकतला महिन्याच्या आत आला. परतताना मात्र मोसमी वाऱ्याची वाट न पाहता ऑक्टोबरमध्येच कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून निघाल्यामुळे त्याच अरबी समुद्रात त्याचे तीन महिने गेले. हिरड्या सुजून दातांवर चढत, अन्न चावता येत नसे, पाय सुजत. या स्कर्व्हीने सुमारे तीस माणसे गेली आणि हात कमी पडले म्हणून एक जहाज जाळून टाकावे लागले. पुढे १७४७ मध्ये जेम्स लिंड या डॉक्टराने बारा आजारी खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले, त्यांत संत्री-लिंबू मिळालेले दोघे सहा दिवसांत सुधारले. तरीही इंग्रजांच्या आरमारात लिंबाचा रस सर्रास मिळू लागायला १७९५ साल उजाडले. मधल्या अठ्ठेचाळीस वर्षांत जे खलाशी हकनाक मेले, त्यांचा विचार आला की आजही संताप होतो.

दुसरा घात रेखांशाचा. आपण पूर्व-पश्चिम नेमके कुठे आहोत हे अनेक कप्तानांना अंदाजानेच ठरवावे लागे. मद्रासहून निघालेले कंपनीचे 'ग्रोव्हनर' जहाज ४ ऑगस्ट १७८२ रोजी पहाटे आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर आपटले, तेव्हा किनारा अजून पुष्कळ दूर आहे अशीच कप्तानाची समजूत होती. सव्वाशेच्या आसपास माणसे जिवंत किनाऱ्याला लागली. ती केपच्या वसाहतीकडे पायी निघाली, पण त्यांतली अवघी अठरा मायदेशी पोहोचली.

रंगो बापूजींच्या काळापर्यंत आगबोटी आल्या होत्या, पण हाल सरले नव्हते. मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' १८३० मध्ये सुएझला गेली, तेव्हा प्रत्यक्ष चालण्याचे दिवस एकवीस होते, पण वाटेत कोळसा भरण्यात वेळ गेल्याने प्रवास तेहतीस दिवसांचा झाला. निघताना कोळशाच्या ओझ्याने बोट पाण्यात खोल दबली होती. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यासमोर तर त्या काळच्या आगबोटींचा निभाव लागणे कठीणच होते.

हे सारे ऐकून भाच्याने एवढेच विचारले, "मग ते परत आले का?" आले, असे मी सांगितले. उतरून आम्ही गेंडामाळावर गेलो. रंगो बापूजींचा मुलगा सीताराम याला १८५७ च्या उठावात इथेच देहदंड झाला. रंगो बापूजी मात्र इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. स्मारकापाशी बराच वेळ थांबलो आणि दिवेलागणीच्या सुमारास स्टँडवर येऊन कराडची गाडी धरली.