सौंदत्तीच्या डोंगरावर, मामेबहिणीसोबत

मार्गशीर्ष पुनवेला कोल्हापुरातनं कर्नाटकातल्या सौंदत्तीला, यल्लम्मा म्हणजे रेणुका देवीच्या डोंगरावर, गाड्याच्या गाड्या भरून जातात, त्यातल्याच एका एसटीत यंदा मी, मामी आणि माझी मामेबहीण होतो. मामेबहीण म्हणजे कागदावर अजून मामेभाऊच, दोन वर्षांपूर्वी तिनं घरात सांगितलं की मी मुलगी आहे, तेव्हापासून भावकीत एकच चाललंय, देवीनं झाड धरलंय, म्हणजे हिला आपली म्हणून पकडलंय, डोंगरावर नेऊन आणा.

जोगुळभावीच्या कुंडावर आंघोळ करून वर चढलो. सगळीकडं भंडारा, चौंडकं या तंतुवाद्याचा आवाज, उदं गं आई उदं! आणि गर्दीत जागोजागी जोगते, जन्मानं पुरुष पण देवीला वाहिलेले, हिरवं लुगडं, गळ्यात कवड्यांची माळ, डोक्यावर देवीचा जग, म्हणजे मुखवटा ठेवलेली टोपली. बाया त्यांच्या पायावर लेकरं घालत होत्या. ज्या मामीनं पोरीला घरच्या साखरपुड्यात ड्रेस घालू दिला नव्हता, तीच मामी एका पन्नाशीच्या जोगत्याच्या पाया पडली, परडीत जोगवा घातला, आणि मला तिथंच रडू आलं.

रांगेत एका आजीनं गोष्ट सांगितली, जमदग्नीनं रेणुकेचं मस्तक उडवायला सांगितलं तेव्हा थोरली पोरं नाही म्हणाली, बापानं शाप दिला आणि ती षंढ झाली, शेवटी परशुरामानं ते काम केलं. म्हणजे आईवर हात उचलायला नकार दिलेली ही पोरं! मला तर शापापेक्षा तो नकारच मोठा वाटला.

दुपारी भाकरी खाताना तोच जोगता शेजारी टेकला. बहिणीनं विचारलं, "अक्का, तुम्ही इकडं कशा आला?"

"घरात ठिवत न्हवते गं. देवीची झाले म्हटल्यावर ठिवलं. तू काय करतीस?"

"इंजिनिअरिंग, तिसरं वर्ष."

"मग शिक की. मोती बांधून देवीला कशाला वाहून घेतीस?"

मामी गप्प ऐकत होती. कर्नाटकात बायकांना देवीला सोडायला १९८२ च्या कायद्यानंच बंदी आली, आपलं लिंग आपण ठरवायचा हक्क सुप्रीम कोर्टानं २०१४ लाच मान्य केलाय, हे सगळं मी तिला घरी कितीदा सांगितलं होतं, पण तिला पटलं नव्हतं. या देवीनं अशा माणसांना पिढ्यान्‌पिढ्या जागा दिली, त्याबद्दल मी तिच्यापुढं मनापासून वाकते. पण माझ्या बहिणीला स्वतःच्या घरात राहायला आधी देवाला वाहून घ्यावं लागावं, हे मला मान्य नाही, आणि ते मी तिथं मामीला तोंडावर सांगितलं.

या पुनवेला जमदग्नी मारला गेला म्हणून देवी विधवा होते, बांगड्या फुटतात, परतताना वाटेवर हिरव्या काचा पडल्या होत्या. माघातल्या पुनवेला ती परत अहेव होते.

एसटीत मामीनं बहिणीचा हात मांडीवर ओढून घेतला, पंजा दाबून बघितला.

"माघात येऊ परत. दोन-आठच्या बांगड्या लागतील हिला."